थोरली की धाकटी

आमचा दादा माणसांवर चटकन विश्वास ठेवतो, गिटारवर मात्र मुळीच नाही. दुकानदाराने ताजा म्हणून दिलेला कालचा पाव तो मुकाट्याने घरी आणतो. पण कुणी गिटार घेऊन आलं आणि छाती फुगवून मॉडेलचं नाव सांगितलं, की मान वर न करता म्हणणार, "असेल. उघडून बघू."

पासष्टी उलटली तरी त्यात बदल नाही. मी त्याची धाकटी बहीण. कामाने शिंपीण, आणि जिभेने काय ते दादालाच विचारा. तो मला कात्री म्हणतो. आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली आणि मधोमध पडदा. रस्त्याच्या बाजूला दादाचं टेबल, तारांची भेंडोळी, सोल्डरिंगचा धूर. मागे माझी दोन मशिनं आणि कापडाचे ढीग. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले तेव्हा सगळ्या गणगोताने मला शंभर प्रश्न विचारले. दादाने एकच विचारला, "मशिन कुठे ठेवू?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दुकानात खिळे ठोकून पडदा लावला. त्याला तेहतीस वर्षं झाली. तेव्हापासून दादाबद्दल कुणी वाकडं बोललं की मी पडद्यातून बाहेर येते, आणि हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.

जुन्या इलेक्ट्रिक गिटारचं मॉडेल ओळखणं हा त्याचा हातखंडा. तुम्ही म्हणाल, त्यात काय ओळखायचं, वर नाव लिहिलेलं असतंच की! तिथेच तर लोक फसतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. "डोक्यावरचं नाव काय, कोणीही लिहितं," असं दादा म्हणतो. तो आधी तारा सैल करतो. गिटारचा लांब दांडा असतो ना, ज्यावर डाव्या हाताची बोटं फिरतात, त्याला आम्ही नेक म्हणतो. ती नेक बॉडीला मागून चार स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रूंच्या खाली लोखंडी पट्टी, आणि पट्टीवर कारखान्याने ठोकलेला आकडा. ते चार स्क्रू काढून नेक उचलली, की तिच्या बुडाला, जिथे जन्मात कुणाची नजर जात नाही, तिथे कारखान्यातल्या कामगाराने पेन्सिलने तोच आकडा लिहून ठेवलेला असतो. दोन्ही आकडे जुळले, तर गिटार जन्मली तशी आहे. नाही जुळले, तर जोडाजोड.

हे खास करून एका कंपनीच्या गिटारींचं. कंपनी कधीच बंद पडली, पण तिची दोन मॉडेलं अजून बाजारात फिरतात. दिसायला सख्ख्या बहिणी, म्हणून लोक एकीला थोरली म्हणतात, दुसरीला धाकटी. थोरलीचा आवाज वेगळा, लाकूड वेगळं, तोराही वेगळा. थोरलीचा आकडा चार अंकी आणि धाकटीचा तीन अंकी, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ झालं.

तपासून झालं की दादा दोन ओळींची चिठ्ठी लिहितो आणि खाली सही करतो. ती चिठ्ठी बाजारात चालते. एकदा एक गृहस्थ त्याच्या मागेच लागले, "अहो, लिहून टाका थोरली. तुमचं काय जातंय दोन शब्द लिहायला?" दादा त्यांना म्हणाला, "चिठ्ठी तुमच्या घरात राहते. काही झालं तर सांगायला मी तिथे नसतो." गृहस्थ रागावून गेले. मला मात्र दादाचा इतका अभिमान वाटला, की ही गोष्ट मी निदान पन्नास गिऱ्हाइकांना माप घेता घेता सांगितली असेल.

आणि एक सांगायचं राहिलं. टेबलाच्या वर, भिंतीवर, दादाची स्वतःची गिटार टांगलेली असायची. तपकिरी रंगाची धाकटी. संध्याकाळी शटर ओढण्याआधी तो ती दहा मिनिटं वाजवायचा. कोणी मोठा वाजवणारा दुकानात आला, की हातात घेऊन म्हणायचा, "बॉडी साधी आहे हो, पण नेक काय आहे! लोणी!" दादा नुसता हसायचा. तिच्यावरची धूळ रोज सकाळी मी पुसायचे.

तर गेल्या वर्षी एका दुपारी गणिताच्या बाई आल्या. शाळेत गणित शिकवतात, चाळिशी ओलांडलेल्या, पाठीवर काळी पेटी. धापा टाकत त्यांनी ती टेबलावर ठेवली. आत काळी गिटार, रंग जागोजाग उडालेला, आणि डोक्यावरचं नाव कुणीतरी पात्याने खरवडून काढलेलं.

"बाजारात सगळे म्हणाले, चिठ्ठीवाल्या काकांकडे जा," बाई म्हणाल्या. "मला ही विकायची नाही. मला फक्त कळायला हवं, ही थोरली आहे की नाही."

"विकायची नाही तर कळून काय करणार?" दादाने विचारलं.

बाईंनी खरवडलेल्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माझे बाबा आयुष्यभर सांगत आले की ही थोरली आहे. आणि आमच्या घरी त्यांना थापाड्या म्हणतात."

मी मशिन थांबवलं. असलं काही ऐकायचं असलं की माझं मशिन आपोआप थांबतं.

बाबा छापखान्यात कागद कापायचे आणि संध्याकाळी हॉलमध्ये नाचाच्या कार्यक्रमांना वाजवायचे. बोलण्याची भारी हौस. बाईंचा जन्म व्हायच्या वेळी म्हणे त्यांना एका मोठ्या जहाजावरच्या बँडने बोलावलं होतं, आणि बायकोचे दिवस भरत आले म्हणून ते गेले नाहीत. असल्या गोष्टी. मग बाई अकरा वर्षांच्या असताना कुठल्याशा दुकानदाराने बाबांना लिहून दिलं, की ही गिटार थोरली नाही, जोडाजोड आहे.

"आईने ती चिठ्ठी आरशाच्या चौकटीत खोचून ठेवली," बाई म्हणाल्या. "बाबांनी काही सांगायला सुरुवात केली, की आई नुसतं आरशाकडे बोट दाखवायची. पाहुण्यांसमोरसुद्धा. जहाजाचं निघालं की सगळ्यांत जास्त हसायची. बाबांनी एक दिवस हे नाव खरवडून टाकलं आणि गिटार पलंगाखाली ढकलली. मग हळूहळू बोलायचेच बंद झाले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. परवा त्यांना ताप होता, तेव्हा म्हणाले, 'थोरलीच होती गं.' मी त्यांना न विचारता घेऊन आलेय."

"कुठल्या गाढवाने लिहिली ती चिठ्ठी?" मी पडद्यातून डोकं काढून विचारलं.

"बाबा कधी सांगत नाहीत. खाली सही नाही."

"सही नसलेली चिठ्ठी म्हणजे काय चिठ्ठी झाली? आमच्या दादाची बघा, प्रत्येकीवर सही असते."

दादाने गिटार पुढ्यात ओढली. चष्मा पुसून त्याने तारा सैल केल्या. मागच्या पट्टीवरचा आकडा ४४१७. बाईंनी पर्समधून वही काढून तो लगेच लिहून घेतला. गणिताच्या बाई त्या. "चार अंकी. म्हणजे बॉडी थोरलीची," दादा म्हणाला आणि बाईंचा चेहरा उजळला. मग त्याने चार स्क्रू काढले आणि नेक उचलली. बुडाला पेन्सिलने लिहिलं होतं, ९२६.

"जुळत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी तोही आकडा लिहिला आणि खाली रेघ मारली. "म्हणजे चिठ्ठी खरी होती."

दादा नेककडे बघत तसाच बसला. तेवढ्यात माझी नजर बॉडीतल्या खाचेत गेली. नेक नीट बसावी म्हणून तिथे कधी कधी एक पातळ पाचर घालतात. ही पाचर कापडाची होती. पांढरं कडक कापड, कडा नागमोडी कापलेल्या, आणि दर काही दातांनंतर एक दात गायब.

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हणाले, "दादा, अरे हे तर माझं बकरम! कॉलरचं! आणि ही माझीच झिगझॅग कात्री, तुटक्या दाताची. म्हणजे ही गिटार आपल्याकडे आधी येऊन गेलीय की!"

"असेल," दादा म्हणाला. त्याने नेक अलगद पेटीत ठेवली. "बाई, दोन दिवस द्या मला. परवा सांगतो."

बाई गेल्या. दादा कधीच वेळ मागत नाही. उघडलं, बघितलं, लिहिलं, असं त्याचं काम. मी विचारलं तर म्हणाला, डोकं दुखतंय. त्या संध्याकाळी त्याने गिटार वाजवली नाही, नुसतं शटर ओढलं. समोरच्या चहावाल्याने मला विचारलंसुद्धा, "आज काय, मालक आजारी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा यायच्या आधी मी नेहमीप्रमाणे धूळ पुसायला घेतली. भिंतीवरची गिटार उतरवली, पुढून पुसली, उलटी करून मागून पुसली. फडकं पट्टीवरून फिरलं आणि माझा हात तिथेच थांबला. ९२६. इतकी वर्षं रोज मी तो आकडा पुसत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

दादा आला तेव्हा मी त्याच्या खुर्चीवर बसले होते, गिटार मांडीवर पालथी घालून. त्याने माझ्याकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला. तारा सैल केल्या, चार स्क्रू काढले, लोण्यासारखी ती नेक उचलली आणि माझ्यासमोर धरली. बुडाला पेन्सिलने लिहिलं होतं, ४४१७.

"कसं झालं हे?" मी विचारलं.

"त्या माणसाची थोरली रंगाला आली होती. मी म्हटलं, आपलीही त्याच वेळी रंगवून घेऊ. दोन्ही नेक घासल्या, पॉलिश केल्या, आणि वाळायला मागच्या बोळातल्या दोरीवर टांगल्या. डोक्यावरची नावं घासून गेलेली, ती मागाहून मीच रंगवायची होती. त्या दिवशी तुला दोरी हवी होती. अस्तराचं कापड भिजवलं होतंस तू."

मला आठवलं. सगळं आठवलं. ओलं कापड हातात घेऊन मी ओरडले होते, तुझी ही लाकडं काढ रे. दादा आतून म्हणाला होता, तूच काढ, नंतर परत लाव, डावीकडची आपली, उजवीकडची गिऱ्हाइकाची. मी कापड वाळल्यावर त्या परत टांगल्या. पण मी उभी होते दोरीच्या पलीकडे. माझं डावं ते त्याचं उजवं.

"म्हणजे हे मी केलं," मी म्हणाले.

"चूक तू केलीस. बसवताना आकडे मीही बघितले नाहीत. पण चुकीचं काय एवढं, ती महिन्याभरात निस्तरली असती." दादा माझ्यासमोरच्या स्टुलावर बसला. "महिन्याने तो माणूस परत आला. म्हणाला, ही हाताला वेगळी लागते, माझी नाही. मी मोठ्या तोऱ्यात उघडली त्याच्यासमोर. आणि ९२६ दिसला. स्वतःचा आकडा कोण विसरेल? त्याची नेक तिथेच भिंतीवर होती, आमच्या दोघांच्या डोक्यावर. मी नुसतं बोट वर केलं असतं तरी पुरे होतं."

"मग?"

"मग मी म्हटलं, तुमची गिटार पहिल्यापासूनच जोडाजोड आहे. तो ऐकेना. म्हणून लिहून दिलं. नेक सैल बसत होती, तर तुझं बकरम घालून वर नीट बसवूनही दिली."

खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. मला वाटलं, दादाने हे माझ्यासाठी केलं. मी नुकतीच घर सोडून आलेली, गिऱ्हाइकासमोर माझं नाव यायला नको म्हणून. मी तसं म्हटलंही. अगदी आशेने म्हटलं.

"नाही गं," दादा म्हणाला. "उगाच मला मोठं करू नकोस. तू माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतीस. महिनाभर मी ती वाजवली होती. मला ती सोडवेना, बस."

मी उठून पडद्यामागे गेले. दुपारपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. ज्या माणसासाठी मी अख्ख्या गल्लीशी भांडले, ज्याच्या खरेपणाच्या गोष्टी माप घेता घेता सांगितल्या, तो कुणातरी बाईच्या बापाला थापाड्या ठरवून रोज संध्याकाळी त्याच्याच नेकवर बोटं फिरवत होता! राग आला, लाज वाटली, आणि रडूही आलं. त्या तिरीमिरीत मी एका कोटाची उजवी बाही डाव्या खांद्याला शिवली आणि मग ती उसवत बसले.

उसवता उसवता डोकं जरा थंड झालं. आणि डोकं थंड झालं की मला युक्त्या सुचतात. मी पडदा सारून म्हणाले, "हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांची नेक त्यांच्या बॉडीला लाव. आकडे जुळतील. बाईंना सांग, जुन्या सामानात शोधली, योगायोगाने सापडली. थोरली म्हणून चिठ्ठी दे. बाई खूश, बाबा खूश, आणि तुझं नाव शाबूत."

"रात्रभर मीही तेच घोळवत होतो," दादा म्हणाला.

"मग?"

"तो खरं बोलत होता, एवढं कळून भागणार नाही, कात्री. खोटं कोण बोललं तेही कळायला हवं. नाहीतर त्याची बायको म्हणेल, आणली कुठूनतरी आणखी एक चिठ्ठी." मग थोड्या वेळाने म्हणाला, "उद्या बाजारात कळलं, तर माझ्या चिठ्ठीला कोणी विचारणार नाही. ते मला ठाऊक आहे."

मी म्हटलं, "मी पण येते. दोरी माझीच होती."

बाईंना फोन करून आम्ही दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला, जिने चढताना दादा दोनदा थांबला; गिटारची पेटी त्याने माझ्या हातात दिली नाही. खोली लहान, पण लख्ख. खिडकीपाशी खुर्चीत म्हातारबाबा बसलेले, गुडघ्यांवर पांघरूण. आजीबाई, म्हणजे बाईंच्या आई, टेबलावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या, चष्मा कपाळावर. आणि कपाटाच्या आरशाच्या चौकटीत, उजव्या कोपऱ्यात, एक पिवळी पडलेली चिठ्ठी, कडा वळलेल्या. लांबूनच मी अक्षर ओळखलं. त्या अक्षरात लिहिलेल्या सामानाच्या याद्या मी जन्मभर वाचल्या आहेत.

म्हातारबाबांनी दादाकडे एकदाच पाहिलं. "तुमचे केस गेले," ते म्हणाले.

"तुम्ही ओळखलंत?"

"मी काहीच विसरत नाही. माझ्या घरचे म्हणतात, मी बनवतो. पण विसरत नाही."

दादाने बसायलाही नकार दिला. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रंग, दोरी, आकडे, आणि भिंतीवरची नेक. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही. मी मधेच म्हणाले, "दोरीवरून मी उतरवल्या होत्या," तर म्हातारबाबांनी हात हलवून मला गप्प केलं. मला असं कुणी आजवर गप्प केलं नव्हतं. बाई वही छातीशी धरून दाराला टेकून उभ्या होत्या. आजीबाईंच्या हातातली घडी अर्धीच राहिली होती.

मग दादाने टेबलावर पेटी उघडली आणि तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर, थोरलीला तिची नेक बसवली. माझी बकरमची पाचर काढून टाकली. आता तिची गरज नव्हती. तारा ओढल्या, सूर लावला, आणि गिटार म्हातारबाबांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी वाजवली नाही. डावा अंगठा नेकच्या मागून हळूहळू वर नेला आणि मधे एका जागी थांबवला. "इथे खळगा आहे," ते म्हणाले. "हॉलच्या जिन्यात आपटली होती."

"आहे," दादा म्हणाला. "पॉलिशखाली आहे. माझाही अंगठा तिथेच थांबतो."

मग त्यांनी एक तार छेडली, बोट खाली बॉडीकडे सरकवलं, आणि एका ठिकाणी सूर जरासा खरखरला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "इथे झिजलीय. इथे कोण वाजवायचं?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"हं." ते पुष्कळ वेळ तिथेच बोट घासत राहिले. "मी ही इथे कधी वाजवत नव्हतो. माझं सगळं वर, डोक्याकडे असायचं. ती आता अर्धी तुमच्या हाताची झाली." मग मान वर करून स्पष्ट म्हणाले, "माफ केलं, असं मी म्हणणार नाही. तुम्ही वाजवत होतात आणि मी पलंगावर पडून छताकडे बघत होतो. ते कसं माफ करायचं, मला माहीत नाही. तुम्ही चिठ्ठी लिहा."

दादाने खिशातून वही काढली. एकही शब्द खोडला नाही. लिहून झाल्यावर त्याने ती म्हातारबाबांच्या हातात दिली नाही, आजीबाईंना दिली. आजीबाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवून मोठ्याने वाचलं.

"ही थोरली आहे. आकडा ४४१७, दोन्हीकडे. हिची नेक एकतीस वर्षांपूर्वी माझ्या दुकानात बदलली गेली. ते मला कळलं होतं, तरीही मी खोटी चिठ्ठी दिली. हे गृहस्थ पहिल्यापासून खरं सांगत होते." खाली सही होती, तीही त्यांनी वाचली, पूर्ण नावासकट.

मला वाटलं, आता आजीबाई दादाला काहीतरी सुनावतील. मी असते तर झाडू घेतला असता. पण त्या उठल्या, आरशापाशी गेल्या, जुनी चिठ्ठी काढली. ती इतकी वर्षं तिथे होती, की तिच्यामागची काच वेगळ्या रंगाची दिसत होती. त्याच जागी त्यांनी नवी खोचली. आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"अहो," त्या आरशातच बघत म्हणाल्या.

"काय?"

"मग ते जहाजाचं?"

म्हातारबाबा तारा पुसत होते. "काय जहाजाचं?"

"तुम्हाला बोलावलं होतं. आणि माझे दिवस भरत आले होते, म्हणून तुम्ही गेला नाहीत."

"तेव्हाच सांगितलं होतं तुला," ते म्हणाले.

गणिताच्या बाई दारापासून हलल्या नाहीत. आजीबाई हातातली जुनी चिठ्ठी घडी करत होत्या, आणखी घडी, आणखी घडी, आता ती नखाएवढी झाली होती.

"मी हसत होते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर."